ऑर्किडची पानं सुरकुतली? झारी खाली ठेवा, आधी मुळं बघा

नर्सरीतून आणलेलं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड (थोडक्यात फॅल) दोन-तीन महिन्यांत जे पहिलं दुखणं दाखवतं ते ठरलेलं असतं. पानं मऊ पडतात, त्यांच्यावर लांबट सुरकुत्या येतात आणि ती कुंडीच्या काठावरून खाली लोंबू लागतात. बघणाऱ्याला वाटतं, झाडाला पाणी कमी पडतंय. मग रोज पाणी सुरू होतं आणि पंधरा-वीस दिवसांत झाड बुडापासून पिवळं पडून जातं. झाड तहानलेलं होतं हे खरंच, पण कुंडीत पाणी भरपूर होतं. ते ओढायला मुळंच उरली नव्हती.

म्हणून ऑर्किडचं कुठलंही दुखणं असो, पानावर औषध मारण्याआधी झाड कुंडीतून काढून मुळं बघायची. कुंडी आडवी धरून बाजूंनी दाबली की झाड सुटतं. एक मूळ चिमटीत धरा आणि हलकेच ओढा. जिवंत मूळ टणक लागतं, कोरडं असताना चंदेरी-पांढरं दिसतं आणि पाण्याचा थेंब पडला की बघता बघता हिरवं होतं. कुजलेलं मूळ तपकिरी आणि पोकळ असतं. ओढलं की वरची साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि आत सुतळीच्या धाग्याएवढी बारीक तार उरते. रंगावर मात्र फार जाऊ नका. नारळाच्या सोडणात किंवा बार्कमध्ये (झाडाच्या सालीच्या तुकड्यांत) वाढलेली मुळं डाग पडून तपकिरी दिसतात, पण दाबल्यावर टणक असली तर ती चांगली आहेत, त्यांना कात्री लावायची नाही.

हे मूळ असं का वागतं ते समजलं की निम्मे प्रश्न सुटतात. आपल्या सह्याद्रीत आंबा, जांभूळ, ऐन अशा झाडांच्या खोडावर सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड वाढतं. मे-जूनच्या सुमारास तिचे गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस लोंबतात. पावसाळ्यात ती दिवसभर भिजते तरी कुजत नाही, कारण तिची मुळं सालीवर उघडी असतात आणि सर थांबून वारा सुटला की ती दोन-चार तासांत कोरडी होतात. मुळावरचं ते पांढरं आवरण, वेलामेन, म्हणजे मेलेल्या पेशींचा स्पंज असतो. तो झटकन पाणी पितो आणि मग त्याला हवा लागते. सतत ओला राहिला तर हवा कोंडते, मूळ गुदमरतं, आणि त्यावर बुरशी चढते. कुंडीतल्या ऑर्किडला आपण हीच उघडझाप द्यायची आहे: चिंब, मग कोरडं, मग पुन्हा चिंब. (जंगलातल्या आमरी, म्हणजे रानटी ऑर्किड, उपटून घरी आणू नका. त्या घरात क्वचितच जगतात, आणि सह्याद्रीत त्या वाढायला फार वर्षं घेतात.)

कुंडीच्या पोटातला मॉसचा गोळा

फॅलेनॉप्सिसची रोपं लहानपणी मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) घट्ट गोळ्यात वाढवतात आणि नंतर तो गोळा तसाच ठेवून भोवती बार्क भरतात. वरून पाहिलं तर मिक्स (कुंडीत मातीऐवजी भरलेला माल) कोरडं ठणठणीत दिसतं, पण मधोमध, नेमका झाडाच्या बुडाखाली, तो गोळा आठ-दहा दिवस ओला राहतो. आपल्याकडच्या दमट हवेत तर त्याहूनही जास्त. कूज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. फुलं संपली की पहिलं काम म्हणजे हा गोळा काढणं. झाड अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवलं की मॉस मऊ पडतो, मग बोटांनी आणि बोथट काडीने तो मुळांमधून सोडवायचा. पावसाळा तोंडावर असेल तर फुलांची वाट बघू नका, फुलं गेली तरी चालतील.

मेलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, झाड सावलीत चार-पाच तास कोरडं होऊ द्या आणि मगच लावा. दालचिनीची पूड जखमेवर लावायची पद्धत आहे. पानाच्या किंवा खोडाच्या कापावर ती जरूर लावा, पण मुळांवर टाकू नका. ती इतका कोरडेपणा आणते की चांगली मुळंही वाळतात.

आता कुंडी. ती उरलेल्या मुळांच्या मापाची घ्यायची, पानांच्या पसाऱ्याच्या मापाची नाही. मोठ्या कुंडीत मिक्स जास्त, म्हणून ओलावाही जास्त वेळ. बहुतेक फॅलला ४ ते ५ इंचांची कुंडी पुरते. पारदर्शक प्लॅस्टिकची घेतली तर मुळांचा रंग बाहेरून दिसतो आणि पाण्याचा अंदाज चुकत नाही.

मिक्स जागेप्रमाणे बदलतं. मुंबई, कोकण, गोवा इथे फॅलसाठी दोन भाग पाइन बार्क आणि एक भाग लाकडी कोळसा, तुकडे एक ते दोन सेंटिमीटरचे. पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूरकडे उन्हाळ्यात हवा फार कोरडी असते, तिथे याच मिक्समध्ये पाचवा भाग सोडणाचे तुकडे किंवा थोडा मॉस मिसळा. डेंड्रोबियम या कांडं असलेल्या ऑर्किडला कोळसा आणि विटेचे तुकडे समप्रमाणात, आकार दोन-तीन सेंटिमीटर, कुंडी मातीची आणि बाजूंनी भोकं असलेली. वांडा या ऑर्किडला मिक्स लागतच नाही. लाकडी किंवा प्लॅस्टिकची टोपली, आणि मुळं हवेत. माती, कोकोपीट, गांडूळखत यांतलं काहीही कुठल्याही झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडला घालू नका.

सोडण घरचं वापरणार असाल तर एक काम चुकवू नका. नारळाच्या सोडणात क्षार असतात, किनाऱ्यावरच्या नारळात तर अधिकच. तुकडे २४ तास भिजवायचे, पाणी फेकायचं, आणि असं तीनदा करायचं. पाणी चहासारखं लाल येतंय तोवर सोडण तयार नाही. कोळसा लाकडाचा हवा. दाबून केलेल्या वड्या नकोत, त्यांत चिकटवण्याचा माल असतो. वापरण्याआधी धुऊन त्याची भुकटी काढून टाका, नाहीतर ती तळाशी बसून भोकं बुजवते.

मुळं अजिबातच उरली नसतील तरी पोंगा (मधला वाढता शेंडा) टणक आणि हिरवा असेल तर झाड फेकू नका. मॉस भिजवून घट्ट पिळून घ्यायचा, इतका की दाबल्यावर थेंब पडू नये. पारदर्शक डब्यात त्याचा पातळ थर द्या, झाकणाला चार-पाच भोकं पाडा आणि झाडाचं बूड मॉसला जेमतेम टेकेल असं ठेवा. भरपूर उजेड, पण ऊन नाही. नवी मुळं यायला दीड-दोन महिने लागतात, कधी अधिकही. तोवर खत नाही, आणि उचलून उचलून बघणंही नाही.

पाणी: किती, कधी आणि कसलं

"आठवड्यातून किती वेळा?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. संपलेल्या उदबत्तीची काडी घ्या, धुऊन वाळवा, कुंडीत मध्यापर्यंत खोचा आणि दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर, गडद निघाली तर थांबा. कोरडी निघाली तर फॅलला पाणी द्या. सवय झाली की कुंडी उचलून वजनावरूनच कळतं. ढोबळ अंदाज द्यायचा तर एप्रिल-मेमध्ये फॅलला तीन-चार दिवसांनी, थंडीत सात-आठ दिवसांनी आणि पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी. डेंड्रोबियमला उन्हाळ्यात जवळपास रोज, वांडाला उन्हाळ्यात रोज एकदा-दोनदा.

द्यायचं तेव्हा भरपूर द्या: कुंडी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा आणि पूर्ण निथळू द्या. चमचाभर पाणी रोज घालणं सगळ्यात वाईट. वरचं मिक्स ओलं राहतं, खालची मुळं वाळतात आणि क्षार साठतात. बर्फाचे खडे ठेवण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. ही उष्ण कटिबंधातली झाडं आहेत, त्यांच्या मुळांवर बर्फ ठेवण्यात काही अर्थ नाही. पाणी सकाळीच द्या. फॅलच्या पोंग्यात पाणी साठलं तर टिश्यूच्या सुरळीने टिपून घ्या, कारण तिथे रात्रभर राहिलेलं पाणी पोंगा कुजवतं आणि फॅलला दुसरा पोंगा नसतो. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत पाणी साठलंय का हेही बघत जा.

पाण्याचा कस हा अनेकांच्या लक्षात न येणारा भाग. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ असतं, त्याचा त्रास नाही. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं जात असेल तर मात्र पानांची टोकं काळी पडून वाळतात, मुळांची हिरवी टोकं करपतात आणि कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी धरते. लोक याला बुरशी समजून औषध मारतात. पाण्यातले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घ्या. आकडा २०० च्या आत असेल तर निर्धास्त, ४०० च्या वर असेल तर पावसाचं किंवा आरओचं पाणी निम्मं मिसळा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी वाचवून ऑर्किडला घालण्याचा मोह टाळा. सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात.

पावसाळ्यातली कूज

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडे ऑर्किडचा खरा कसोटीचा काळ. सलग चार दिवस झड लागली, ऊन नाही, वारा पडला, की पानावर पाणी भरल्यासारखा डाग दिसतो आणि सकाळचा डाग संध्याकाळी दुप्पट झालेला असतो. इथे कूज कुठली आहे हे ओळखणं महत्त्वाचं, कारण औषधं वेगळी आहेत.

डाग काळा-जांभळट, कडेला पिवळी झाक, बुडाकडून किंवा नव्या फुटीतून वर सरकतोय आणि वास नाही: ही काळी कूज, फायटोफ्थोरा किंवा पिथियमची. डाग तपकिरी, पाणचट, दाबला की फुटतो आणि घाण वास येतो: ही जिवाणूंची मऊ कूज. डाग लहान, कोरडा, खोलगट, आत गोल गोल वलयं आणि महिनाभर जवळपास तेवढाच: हा करपा, याची घाई नाही.

पहिल्या दोन्हींत ताबडतोब कापायचं. डागाच्या पलीकडे किमान एक सेंटिमीटर चांगलं हिरवं पानही कापून टाका, दर कापाला ब्लेड ज्योतीवर धरा, जखमेला दालचिनी लावा, झाड इतरांपासून वेगळं करा आणि आठवडाभर पाणी बंद ठेवा. काळ्या कुजीवर घरोघरी असलेलं कार्बेन्डाझिम मारलं जातं आणि झाड मरतं. कारण फायटोफ्थोरा ही खरी बुरशीच नव्हे, तो जीव वेगळ्या गटातला आहे आणि कार्बेन्डाझिमचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याला मेटॅलॅक्सिल अधिक मँकोझेब, किंवा फोसेटिल अ‍ॅल्युमिनियम, २ ग्रॅम एका लिटरला. करप्याला मँकोझेब २ ग्रॅम चालतं. मऊ कुजीवर बुरशीनाशकांचा उपयोग नाही, तिथे कापणं आणि कोरडं ठेवणं हाच इलाज. तांब्याची औषधं डेंड्रोबियमवर मारू नका, कोवळी पानं आणि कळ्या करपतात. फवारताना हातमोजे आणि मास्क घाला, घरात फवारू नका आणि लेबलवरचं प्रमाण ओलांडू नका.

पण औषधाहून जास्त काम वारा करतो. डेंड्रोबियम आणि वांडा दिवसभर पावसात भिजून चालतात, मात्र वरून पारदर्शक पत्रा असेल तर चिंता कमी. फॅल पावसात ठेवूच नका. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा, जमिनीवरून उचलून जाळीच्या स्टँडवर ठेवा आणि बंद गॅलरीत झडीच्या दिवसांत एक छोटा पंखा झाडांच्या वरून वाहील असा लावा. पाऊस सुरू होण्याआधी, मेअखेरीस, मँकोझेबची एक फवारणी करून घेतली तर उत्तम.

पानं छान, फुलं नाहीत

गर्द हिरवी, लांब, लुसलुशीत पानं बघून बरं वाटतं, पण ऑर्किडच्या बाबतीत ते उजेड कमी असल्याचं लक्षण आहे. पानाचा रंग किंचित पोपटी हवा. दुपारी बाराला झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. सावलीची कड पुसट, पण हाताचा आकार कळतोय, हा फॅलला योग्य उजेड. डेंड्रोबियमला सावली ठळक पडायला हवी. त्याला सकाळचं तीन-चार तास ऊन किंवा ५० टक्क्यांच्या शेडनेटखालची जागा लागते. फॅलला ७५ टक्क्यांची नेट.

गॅलरीची दिशा बघताना वर्षभराचा हिशेब करा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट आत येतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो, आणि एरवी सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ ऊन शिरतं. मेअखेरचं असं संध्याकाळचं ऊन फॅलच्या पानाला पुरतं भाजून काढतं. पानाला हात लावून बघा: गरम लागलं तर आजच जागा बदला. भाजल्याचा पांढुरका किंवा काळा डाग कोरडा असतो आणि पसरत नाही, तो कापायची गरज नाही.

फॅलला फुलांचा दांडा फुटायला उजेडाबरोबर गारवाही लागतो. चार ते सहा आठवडे रात्री १५ ते १८ अंश आणि दिवसा शक्यतो २५ च्या आसपास. पुण्या-नाशिकला हे नोव्हेंबरपासून सहज मिळतं. मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री झाड उघड्या खिडकीशी ठेवा, बंद खोलीत नको. निफाडसारख्या कडक थंडीच्या ठिकाणी पारा १२ च्या खाली गेला की आत घ्या. खालच्या पानांच्या बगलेतून काही फुटलं तर ते मूळ की दांडा? मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, दांड्याचं चपटं, एका बाजूला खाच असलेलं.

डेंड्रोबियम घेताना एक गोष्ट विचारूनच घ्या. उंच कांडाच्या शेंड्याला तुरा येणारी संकरित जात आपल्याकडे छान चालते. कांडाच्या पेरापेराला फुलं येणारी नोबिली जात मात्र थंड, कोरडा हिवाळा मागते. मुंबईत तिला फुलं येणं कठीण, त्याऐवजी पेरांवर पिल्लंच (छोटी रोपं) फुटत राहतात. नाशिक, महाबळेश्वरकडे ती ठेवा, आणि नोव्हेंबर ते जानेवारी तिचं पाणी अगदी कमी आणि खत बंद करा.

पानं गळालेली डेंड्रोबियमची जुनी कांडं सुकी समजून छाटली जातात. ती झाडाची साठवण आहे. त्यांतलं पाणी आणि अन्न नव्या फुटीला जातं, आणि त्याच बोडक्या कांडाच्या शेंड्यालगत पुढच्या वर्षी पुन्हा तुरा येतो. कांड पूर्ण तपकिरी आणि पोकळ झालं तरच कापा.

कळ्या धरून पिवळ्या पडून गळाल्या तर जागा बदलली का, एसीचा झोत लागतो का हे बघा. शिवाय घरात आंब्याची आढी घातलीय का तेही. पिकणारे आंबे आणि केळी इथिलीन वायू सोडतात, आणि ऑर्किडच्या कळ्यांना त्याची थोडीशी मात्राही पुरते. आढी एका खोलीत, फुललेलं फॅल दुसऱ्या खोलीत.

खत आणि कीड

कृषी सेवा केंद्रात मिळणारं विद्राव्य १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समान) पुरेसं आहे. प्रमाण अर्धा ग्रॅम एका लिटरला, वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं ओली करून मगच. ऑक्टोबरनंतर दोन महिने आलटून पालटून १३:४०:१३ देतात. पण उजेड नसेल तर कुठलंच खत फूल आणत नाही. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. चहापत्ती, ताक, जीवामृत इथे नको. बागेत गुणकारी असलं तरी कुंडीतल्या बार्कचा त्याने चिखल होतो.

पानाच्या बगलेत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून पुसून काढा. मग ५ मिली कडुनिंबाचं तेल, २ मिली पातळ साबण, एक लिटर पाणी असं मिश्रण संध्याकाळी फवारा, सात-सात दिवसांनी तीनदा. एकदाच फवारलं तर अंड्यांतून नवी पिल्लं येतात. मुंग्यांची रांग दिसली की खवले कीड शोधा, तिच्या गोड स्रावासाठीच त्या येतात. फुलाच्या देठावर किंवा कळीवर मधासारखे स्वच्छ थेंब दिसले आणि कीड कुठेच नसेल तर मात्र ते झाडाचंच आहे, पुसून टाका आणि विसरून जा. पावसाळ्यात मुळांची कोवळी टोकं कुरतडलेली दिसली तर रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जा, गोगलगाय सापडेल.

एका दुखण्यावर मात्र औषध नाही. नव्या पानावर दरवेळी पिवळे-हिरवे तुटक पट्टे येतात, फुलाच्या पाकळीत रंग फुटल्यासारखा दिसतो, आणि खत-पाणी-उजेड बदलूनही पुढचं पान तसंच येतं. हा विषाणू असू शकतो. असं झाड लगेच वेगळं करा आणि खात्री पटली की कुंडी-मिक्ससकट टाकून द्या. तो पसरतो मुख्यतः आपल्याच कात्रीतून. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना कात्री गॅसच्या ज्योतीवर चांगली तापवून घ्या, किंवा दाढीच्या ब्लेडचं पाकीट जवळ ठेवा आणि दर झाडाला नवं पातं काढा.